उन्हाळी, धन्याचें पाणी आणि डॉक्टरांची गोळी

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र आम्हीं बाजूस काढून ठेविलें होतें. पत्राखालीं नांव नव्हतें. 'आपली एक वाचक-भगिनी' एवढेंच होतें. नांव कां नाहीं, तें मजकूर वाचतांच ध्यानांत आलें. ज्या दुखण्याविषयीं बायकांनीं घरांत मोठ्यानें बोलूं नये असा आपल्याकडे अलिखित दंडक आहे, त्या दुखण्याविषयीं तें पत्र होतें.

"मला या वर्षांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागली आहे," असें त्या लिहितात. "सासूबाई धन्याजिऱ्याचें पाणी देतात. धाकटे भावोजी वाचणारे; त्यांनीं क्रॅनबेरी नांवाच्या परदेशी फळाच्या कॅप्सूल आणि कसल्याशा साखरेच्या पुड्या मागविल्या. यजमान औषधांच्या दुकानांतून मागच्या वेळचीच गोळी आणून देतात. तिघेही मायेनें करतात, म्हणून मी कोणासच नको म्हणत नाहीं, सगळेंच घेतें. गोळी दोन दिवस घेतली कीं बरें वाटतें, मग ती थांबवितें. महिना-दोन महिन्यांनीं पुन्हां तेंच. मीं नक्की कोणाचें ऐकावें?"

प्रश्न सरळ आहे, आणि तो या एका बाईंपुरता नाहीं. ज्या घरांत दहा माणसें एकत्र नांदतात त्या घरांत दहा औषधेंही नांदतात. आणि प्रत्येक औषधामागें कोणाची तरी माया उभी असल्यामुळें त्याची पारख करणें म्हणजे त्या माणसाचा अनादर करणें, असें वाटूं लागतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. म्हणून या महिन्यांत या उपायांचा विचार मोकळेपणानें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

'उन्हाळी लागली' या शब्दांतच आपल्या पूर्वजांचें निदान आहे. लघवीस वारंवार जावेंसें वाटणें, गेल्यावर थेंब थेंब होणें, आग होणें, ओटीपोट दुखणें, हीं सारीं अंगांतील उष्णतेचीं लक्षणें अशी समजूत. आणि म्हणून उपायही थंड: धने, वाळा, सब्जा, शहाळें. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कष्टानें लघवी होण्याच्या विकारास मूत्रकृच्छ्र असें नांव आहे. जुनी समजूत अगदींच टाकाऊ नाहीं. वैशाखांत घाम पुष्कळ जातो, पाणी कमी पोटांत जातें, लघवी गडद होते आणि तेवढ्यानेंही कधीं आग होते. अशी आग दोन तांबे पाणी प्यालें कीं शमते. परंतु जी उन्हाळी पाण्यानें शमत नाहीं, श्रावणांतही लागते आणि पुन्हां पुन्हां लागते, तिचें मूळ बहुधा जंतूंत असतें.

१८८५ सालीं म्युनिक येथें थिओडोर एशेरिक या बालरोगवैद्यांनीं तान्ह्या मुलांच्या शौचांत काडीच्या आकाराचा एक जंतु पाहिला. पुढें त्यांच्याच नांवावरून त्या जंतूस एशेरिशिया कोलाय असें नांव पडलें. दवाखान्यांत त्यास नुसतें 'ई. कोलाय' म्हणतात. हा आपल्या सर्वांच्याच आंतड्यांत राहतो व तेथें सहसा कांहीं उपद्रव करीत नाहीं. उपद्रव सुरू होतो तो तेथून निघून मूत्रमार्गांत शिरल्यावर. साध्या मूत्रमार्गदाहांत चारांतील निदान तीन वेळां हाच जंतु सांपडतो. पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारें २० सेंटिमीटर लांब असतो. स्त्रियांचा जेमतेम ४ सेंटिमीटर, आणि त्याचें द्वार गुदद्वाराच्या जवळ. जवळजवळ निम्म्या स्त्रियांस आयुष्यांत एकदां तरी हें दुखणें होतें, त्याचें मुख्य कारण ही शरीररचना होय. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत कित्येक नव्या सुनांस तें लागतें, तेंही पतिसहवासांत जंतु आंत ढकलले जातात म्हणून. यांत लाजेचें किंवा दोषाचें कांहीं नाहीं, हें घरांतील वडील मंडळींनीं आधीं ध्यानांत घ्यावें.

मूत्राशयांत शिरलेला जंतु खरें म्हणजे लघवीबरोबर वाहून जावयास हवा. पण त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतु असतात व त्यांच्या टोंकाशीं आंकड्यासारखी रचना असते. मूत्राशयाच्या आंतल्या अस्तरावर मॅनोज नांवाच्या साखरेचे कण असतात. त्यांत हा आंकडा अडकवून जंतु चिकटून बसतो. या आंकड्याचें स्मरण ठेवावें; पत्रांतील कॅप्सूल आणि पुड्या यांचा सारा भरंवसा त्यावरच आहे.

आतां उपायांकडे वळूं. येथें दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. झालेलें दुखणें बरें कसें करावें, हा एक. बरें झाल्यावर तें पुन्हां कसें होऊं देऊं नये, हा दुसरा. आमच्या वाचक-भगिनींच्या घरांत जो घोंटाळा झाला आहे तो या दोन प्रश्नांना एकच उत्तर शोधल्यामुळें झाला आहे.

सासूबाईंचा उपाय वयानें वडील, म्हणून तो आधीं घेऊं. बल्गेरियांत केलेल्या आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, वारंवार हें दुखणें होणाऱ्या व एरवीं पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. निम्म्यांनीं रोजच्यापेक्षां दीड लिटर पाणी अधिक प्यावें, निम्म्यांनीं नेहमींप्रमाणें राहावें, असें वर्षभर चाललें. अधिक पाणी पिणाऱ्यांस वर्षांत सरासरी १.७ वेळां दुखणें झालें, इतरांस ३.२ वेळां. पाणी वाढविण्यास खर्च नाहीं, आणि लाभ जवळजवळ निम्म्याचा. तेव्हां सासूबाईंच्या तांब्यास मान दिलाच पाहिजे. त्यांत धनेजिरे घातल्यानें पाण्यास चव येऊन तें अधिक प्यालें जात असेल, तर तेंही चांगलेंच. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांस पाणी मोजून पिण्यास सांगितलें आहे, त्यांनीं हा उपाय डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये.

पण हा झाला दुखणें टाळण्याचा उपाय. लागलेली उन्हाळी धन्याच्या पाण्यानें बरी झाली असें पुष्कळ घरांत सांगतात, तें काय खोटें? खोटें नाहीं, पण त्याचें श्रेय कोणाचें हें पाहिलें पाहिजे. जर्मनींत ४९४ स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. साधा मूत्राशयदाह झालेल्या या स्त्रियांपैकीं निम्म्यांस फॉस्फोमायसिन या प्रतिजैविकाची एक मात्रा दिली, व निम्म्यांस नुसतें वेदना शमविणारें आयबुप्रोफेन. दुसऱ्या गटांतील सुमारें दोन-तृतीयांश स्त्रिया प्रतिजैविक घेतल्यावांचूनच बऱ्या झाल्या. म्हणजे निरोगी तरुण स्त्रीचें शरीर पुष्कळ वेळां हें युद्ध आपलें आपणच जिंकतें, आणि त्या चार दिवसांत जें कांहीं तिच्या हातीं असेल, मग तें धन्याचें पाणी असो कीं अंगारा, त्याच्या पदरीं विजयाचें माप पडतें.

परंतु त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. प्रतिजैविक न घेतलेल्यांस त्रास अधिक दिवस झाला, आणि दुखणें वर मूत्रपिंडापर्यंत चढल्याचीं उदाहरणें त्यांच्यांत ५ घडलीं, तर दुसऱ्या गटांत १. पुढें २०२१ सालीं जर्मनींतच उव्हा अर्सी या झाडपाल्याचा अर्क अशाच रीतीनें तपासला गेला. त्यांतही प्रतिजैविकें कमी लागलीं, पण त्रास अधिक झाला आणि मूत्रपिंडाचा दाहही त्याच बाजूस अधिक दिसला. हे आंकडे लहान आहेत, एवढ्यावर शपथ घेतां येणार नाहीं. तरी दोन्हीं वेळां कांटा एकाच दिशेला झुकला, हें विसरतां येत नाहीं.

आतां भावोजींच्या कॅप्सूल. क्रॅनबेरी हें उत्तर अमेरिकेंतील दलदलीच्या जागीं होणारें आंबट तांबडें फळ. आपल्याकडील करवंदास कोणी 'देशी क्रॅनबेरी' म्हणून विकतात, पण दोन्हीं झाडें अगदीं वेगळीं आहेत आणि प्रयोग झाले ते अमेरिकेंतील फळावर. त्या फळांतील कांहीं घटक जंतूंच्या तंतूंस मूत्रमार्गाच्या अस्तरावर चिकटूं देत नाहींत, असें प्रयोगशाळेंत दिसतें. पण प्रयोगशाळेंतील कांचेची नळी वेगळी आणि माणूस वेगळा. वैद्यकीय पुराव्यांचें एकत्र परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें २०१२ सालीं २४ प्रयोग तपासून, या फळाचा म्हणण्यासारखा उपयोग दिसत नाहीं, असा निर्णय दिला होता. त्याच संस्थेनें २०२३ सालीं ५० प्रयोग व ८,८५७ माणसें यांचा हिशेब मांडून आपलें मत बदललें. वारंवार दुखणें होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारें एक-चतुर्थांशानें कमी होतो व मुलांत सुमारें निम्म्यानें, असें आतां दिसतें. वृद्धाश्रमांतील वृद्ध, गरोदर स्त्रिया, आणि ज्यांचा मूत्राशय पुरता रिकामा होत नाहीं असे रोगी, यांत मात्र लाभ दिसला नाहीं. पुरावा वाढला तेव्हां मत बदललें, ही गोष्ट आम्हांस त्या संस्थेस भूषणावह वाटते.

पुड्यांतील साखर म्हणजे डी-मॅनोज. कल्पना मोठी सुंदर आहे. जंतूचा आंकडा ज्या साखरेंत अडकतो तीच साखर लघवींत सोडावी, म्हणजे आंकडा तिच्यांतच गुंततो आणि जंतु वाहून जातो. क्रोएशियांतील ३०८ स्त्रियांवरील प्रयोगांत, जो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, ही साखर सहा महिने घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १५ जणींस दुखणें उलटलें. कांहींच न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६१ जणींस. हे आंकडे पाहून बाजारांत पुड्यांचा सुकाळ झाला. पण आपण काय घेत आहों हें त्या स्त्रियांस ठाऊक होतें. पुढें ब्रिटनमध्यें ५९८ स्त्रियांवर कसून प्रयोग झाला. निम्म्यांस डी-मॅनोज, निम्म्यांस तशीच दिसणारी फळांतील साधी साखर; कोणास काय दिलें हें स्त्रियांस ठाऊक नाहीं, डॉक्टरांसही नाहीं. २०२४ सालीं निकाल आला. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील शेंकडा ५१ व दुसऱ्यांतील शेंकडा ५६ स्त्रिया पुन्हां त्याच तक्रारीनें दवाखान्यांत आल्या. एवढें अंतर योगायोगानेंही पडतें. क जीवनसत्त्व आणि उपकारक जंतूंच्या कॅप्सूल यांचा पुरावा तर याहूनही तोकडा आहे.

तेव्हां भावोजींच्या दोन वस्तूंपैकीं क्रॅनबेरी ही दुखणें टाळण्यास थोडाबहुत हातभार लावणारी, आणि डी-मॅनोज ही बहुतेक खिसा हलका करणारी, असें म्हणावें लागतें. लागलेलें दुखणें बरें करण्याचें सामर्थ्य दोहोंपैकीं कशांतही सिद्ध झालेलें नाहीं. क्रॅनबेरीचें गोड सरबत मधुमेह्यांनीं घेऊं नये, आणि रक्त न गोठण्यासाठीं वॉरफरिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून क्रॅनबेरी सुरू करूं नये.

राहिली यजमानांची गोळी. प्रतिजैविकें हीं झालेलें दुखणें बरें करण्याचीं खरीं औषधें, यांत संशय नाहीं. योग्य औषध मिळालें तर एक-दोन दिवसांतच आग थांबते. मूत्राशयाच्या साध्या दाहास नायट्रोफ्युरंटोइन सहसा पांच दिवस देतात, व फॉस्फोमायसिनची एकच पुडी. मग हींच औषधें थोड्या प्रमाणांत रोज घेऊन दुखणें टाळतां येणार नाहीं काय? येतें, आणि क्रॅनबेरीहून अधिक चांगलें येतें. पण त्यासाठीं काय मोजावें लागतें, तें हॉलंडमधील एका प्रयोगानें दाखविलें. वारंवार दुखणें होणाऱ्या २२१ स्त्रियांपैकीं निम्म्यांस वर्षभर रोज को-ट्रायमॉक्साझोल हें प्रतिजैविक दिलें व निम्म्यांस क्रॅनबेरीच्या कॅप्सूल. २०११ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा: प्रतिजैविक घेणाऱ्यांस वर्षांत सरासरी १.८ वेळां दुखणें झालें, क्रॅनबेरी घेणाऱ्यांस ४ वेळां. येथवर गोळीची सरशी. पण महिन्याभरानें त्यांच्या आंतड्यांतील ई. कोलाय तपासले, तेव्हां गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ८६ जंतु त्या औषधास दाद देईनासे झाले होते. क्रॅनबेरी घेणाऱ्यांत असे जंतु शेंकडा २४ होते. औषध बंद केल्यावर तीन महिन्यांनीं हें प्रमाण पुन्हां खालीं आलें, हें खरें. पण त्या अवधींत जी लागण व्हावयाची, ती त्या औषधास न जुमानणाऱ्या जंतूंचीच असावयाची.

हा धोका आज कळला असें नाहीं. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांतच, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास सरावतात, असा इशारा दिला होता. आपल्या देशांत तो फारसा कोणी मनावर घेतला नाहीं. सिप्रोफ्लॉक्सासिन व त्याच्या जातीचीं औषधें, जीं एके काळीं या दुखण्यावर रामबाण समजलीं जात, त्यांस आज आपल्याकडील ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहींत. २०१४ च्या मार्चपासून कांहीं प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणें दुकानदारांस बंधनकारक झालें, आणि २०१६ सालीं वेष्टनावरील तांबड्या रेघेचा अर्थ लोकांस समजावून देण्याची मोहीम सरकारनें काढली: ही रेघ दिसली कीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें औषध घेऊं नये. तरी 'मागच्या वेळचीच गोळी' आजही कित्येक दुकानांत हात पुढें केला कीं मिळते.

येथें आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यांत आम्हांस भूषण नाहीं.

एका वर्षीं वैशाखांत आमच्या घरीं मुंज होती. थोरल्या वहिनींच्या अंगावर सगळा भार. पहांटेपासून रात्रीपर्यंत त्या स्वयंपाकघर आणि मांडव यांमध्यें फिरत होत्या. पाणी पिण्यास फुरसत नाहीं, आणि पाहुण्यांच्या गर्दींत मोरीकडे जाण्याचा संकोच. मुंजीच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस एका बाजूस बोलावून हळूच सांगितलें, "भावोजी, कालपासून फार आग होते आहे. दरवर्षीं एकदां होतें. डब्यांत उरलेल्या गोळ्या असतात, त्यांतल्या दोन घेतें. यंदा डबा रिकामा आहे." आरोग्याविषयीं चार ओळी लिहीत असल्यामुळें आम्ही त्यांस जाणते वाटत होतों. आम्हीं नुकतेंच क्रॅनबेरीविषयीं वाचलें होतें. मोठ्या उत्साहानें कॅप्सूल आणून दिल्या आणि सांगितलें कीं, उगीच गोळ्या घेऊं नका, चार दिवस या घ्या.

चौथा दिवस उजाडलाच नाहीं. तिसऱ्या रात्रीं वहिनींस हुडहुडी भरून ताप चढला, उजव्या कुशींत कळा येऊं लागल्या, पाणीही पोटांत राहीना. दवाखान्यांत नेलें तेव्हां दाह मूत्रपिंडापर्यंत पोंचला होता. आठ दिवस त्या तेथें होत्या. शिरेवाटे औषध द्यावें लागलें. लघवीच्या कल्चरचा अहवाल आला, त्यांत जंतु ई. कोलायच होता, आणि डब्यांतील गोळ्यांस तो मुळींच दाद देत नव्हता. म्हणजे यंदा डबा भरलेला असता तरी त्याचा उपयोग झाला नसता. डॉक्टरीणबाईंनीं एवढेंच विचारलें, "तीन दिवस कशाची वाट पाहिलीत?" वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें आणि त्या म्हणाल्या, "घरांत कार्य होतें." आमचें नांव त्यांनीं घेतलें नाहीं. त्या पुढें बऱ्या झाल्या, पण तें वाक्य आम्हांस अजून आठवतें.

त्या आठ दिवसांत आम्ही जें शिकलों तें असें. टाळण्याची वस्तु बरें करण्यासाठीं दिली, ही आमची चूक. बरें करण्याची वस्तु अर्धीमुर्धी घेऊन उरलेली डब्यांत ठेविली, ही वहिनींची. दोन्हीं चुका आमच्या वाचक-भगिनींच्या घरांतही आज चालू आहेत.

यास्तव आमचें सांगणें असें कीं, प्रत्येक उपायास त्याची जागा द्यावी. आग लागून एक दिवस झाला, पाणी भरपूर पिऊनही ती शमली नाहीं, कीं डॉक्टरांकडे जावें. ताप, हुडहुडी, कुशींत दुखणें, ओकारी किंवा लघवींतून रक्त यांपैकीं कांहीं असेल, अथवा रोगी गरोदर, मधुमेही, लहान मूल किंवा पुरुष असेल, तर तो एक दिवसही थांबूं नये. दुखणें वारंवार होत असेल तर पहिली गोळी घेण्यापूर्वीं लघवी कल्चरसाठीं द्यावी. पहिली धार सोडून मधल्या धारेची, स्वच्छ बाटलींत. गोळी घेतल्यावर दिलेल्या लघवींत जंतु सांपडेनासा होतो आणि तपासणी फुकट जाते. डॉक्टरांनीं जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्यावें. उरवूं नये आणि जावेस देऊं नये. आग शमविण्यासाठीं दिलेलें खारट-गोड सिरप हें जंतु मारीत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

उलट बाजूनेंही एक सूचना आहे. घरांतील आजींची लघवी सहज तपासली, त्यांत जंतु निघाले, पण आजींस आग नाहीं, ताप नाहीं, कांहींच नाहीं. अशा वेळीं औषध देण्याचें कारण सहसा नसतें. उतारवयांत असे निरुपद्रवी जंतु पुष्कळांच्या लघवींत असतात. गरोदर स्त्रीच्या बाबतींत मात्र हा नियम उलटा आहे; तिला त्रास नसला तरी उपचार करावा लागतो, कारण तिच्यांत दाह वर चढण्याचा धोका मोठा असतो.

पुन्हां पुन्हां दुखणें होणाऱ्यांस, म्हणजे सहा महिन्यांत दोनदां किंवा वर्षांत तीनदां होणाऱ्यांस, नुसतें पाणी आणि क्रॅनबेरी एवढेच मार्ग आहेत असें नाहीं. ऋतुनिवृत्तीनंतर योनिमार्गांतील अस्तर पातळ होतें व तेथील उपकारक जंतु कमी होतात. तेथें लावावयाचें इस्ट्रोजेनचें मलम फार गुणकारी ठरलें आहे. इस्राएलमधील ९३ स्त्रियांवरील प्रयोगांत, जो १९९३ सालीं प्रसिद्ध झाला, मलम लावणाऱ्यांस वर्षाला सरासरी ०.५ वेळां दुखणें झालें, इतरांस ५.९ वेळां. साठी ओलांडलेल्या किती सासूबाई हा साधा उपाय ठाऊक नसल्यामुळें वर्षानुवर्षें धन्याचें पाणी पीत असतील! दुसरें औषध मेथेनामाइन. तें प्रतिजैविक नव्हे. आम्ल लघवींत त्यापासून फॉर्मल्डिहाइड सुटतें आणि तें जंतूंस मारतें. ब्रिटनमध्यें २४० स्त्रियांवर वर्षभर झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, रोज थोडें प्रतिजैविक घेणाऱ्यांस वर्षाला सरासरी ०.८९ वेळां आणि मेथेनामाइन घेणाऱ्यांस १.३८ वेळां दुखणें झालें. प्रतिजैविक किंचित सरस ठरलें. पण जंतूंस औषधाची संवय लावण्याचा दोष टाळावयाचा असेल, तर एवढें अंतर सोसण्यासारखें आहे, असें संशोधकांचें मत पडलें. हीं दोन्हीं औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावयाचीं, हें सांगावयास नकोच.

शेवटीं एक गोष्ट औषधापलीकडची. आमच्या वहिनींचें दुखणें मांडवांत सुरू झालें. कार्याच्या घरीं बायकांस पाणी पिण्यास वेळ आणि मोरीकडे जाण्यास आडोसा आहे कीं नाहीं, हें यजमानानें पाहावें. मांडवाचा खर्च करतों तेथें एवढें कठीण नाहीं. लांबच्या प्रवासांत मुली पाणी पीत नाहींत, कारण वाटेंत सोय नसते. मोटार चांगल्या ठिकाणीं थांबविण्याची आठवण पुरुषांनींच ठेवावी. शाळेंतून मुलगी दिवसभर लघवी अडवून घरीं येते कीं काय, हें आईनें एकदां विचारावें. हरितालिकेचा निर्जळी उपास जिला हें दुखणें वारंवार होतें तिनें पाणी पिऊन करावा. देवी रागावेल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि सासूबाईंनीं स्वतः पाण्याचा पेला पुढें केला, तर सुनेच्या मनांतही शंका राहणार नाहीं.

वाचक-भगिनींस आमचें उत्तर हें असें. सासूबाईंचें पाणी घ्यावें, तें रोज घ्यावें, बरें असतांनाही घ्यावें. भावोजींच्या कॅप्सूल परवडत असतील तर पुढल्या खेपेस टाळण्यासाठीं घ्याव्या. साखरेच्या पुड्या पुन्हां मागवूं नयेत. यजमानांनीं गोळी दुकानांतून आणूं नये. त्याऐवजीं त्यांनीं आपणांस डॉक्टरांकडे घेऊन जावें, कल्चर करवावें, आणि जें औषध मिळेल तें आपण पुरतें घेतां कीं नाहीं हें पाहावें. तिघांचीही माया अशा रीतीनें कामीं येईल, आणि कोणासच नाहीं म्हणावें लागणार नाहीं.

आणि हें पत्र आपण घरांत सर्वांदेखत वाचून दाखवावें, अशी आमची विनंती आहे. मोठ्यानें वाचावें. वर्षांत तिसऱ्यांदा लागलेली उन्हाळी ही आतां कुजबुजण्याची गोष्ट राहिलेली नाहीं.